स्टार्ट आणि टर्न : भिंतीने दिलेला वेग राखायचा कसा?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय स्पर्धात्मक पोहण्यातील स्टार्ट (शर्यतीची सुरुवात) आणि टर्न (भिंतीपाशी वळणे) हाच असल्यामुळे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : मी पंधरा वर्षांचा आहे आणि ५० व १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भाग घेतो. इशारा होताच ब्लॉकवरून (काठावरच्या, सूर मारण्याच्या चौथऱ्यावरून) सर्वांत आधी मीच सुटतो; फलकावरही माझा रिअ‍ॅक्शन टाइम इतरांपेक्षा कमी दिसतो. तरीही डोके पाण्याबाहेर काढतो तेव्हा शेजारच्या लेनमधला मुलगा माझ्या पुढे गेलेला असतो. असे का होते?

उत्तर : फलकावर दिसणाऱ्या त्या आकड्याला सगळे रिअ‍ॅक्शन टाइम म्हणत असले, तरी इशारा ऐकून शरीर हलू लागेपर्यंतचाच तो वेळ नसतो, इशाऱ्यापासून शेवटचा पाय ब्लॉक सोडेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. म्हणजे ब्लॉकला रेटा देण्यासाठी लागलेला वेळही त्यातच आला. रेटा अर्धवट सोडून जो पाण्याकडे झेपावतो त्याचा आकडा उत्तम दिसतो, पण त्याचे शरीर कमी वेगाने हवेत जाते, ब्लॉकच्या जवळच पाण्यात शिरते आणि पुढच्या दहा मीटरांत मागे पडते. तुमच्या बाबतीत बहुधा हेच होत असावे. काही शतांश सेकंद जास्त घेऊन, पाय पूर्ण सरळ होईपर्यंत रेटा देणारा मुलगा १५ मीटरच्या खुणेवर तुमच्या पुढे असेल, तर त्याचा स्टार्ट तुमच्यापेक्षा चांगला आहे. म्हणून सरावात इशाऱ्यापासून डोके १५ मीटरची खूण ओलांडेपर्यंतचा वेळ मोजावा आणि सुधारणा होते आहे की नाही हे त्यावरूनच ठरवावे.

आता ब्लॉकवरच्या स्थितीकडे वळू. मागे तिरकी पट्टी असलेले ब्लॉक २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये वापरले गेले आणि आज मोठ्या स्पर्धांत किक स्टार्ट हीच रूढ पद्धत आहे. पुढच्या पायाची बोटे ब्लॉकच्या कडेवर घट्ट वळवलेली, मागच्या पायाचा चवडा पट्टीवर टेकलेला आणि टाच उचललेली, मागचा गुडघा साधारण काटकोनात, कंबर उंच आणि मान सैल, अशी ही स्थिती असते. पट्टी पुढे-मागे सरकवता येते. मागचा गुडघा काटकोनापेक्षा फार मिटलेला किंवा फार उघडलेला राहत असेल, तर ती आपल्या उंचीप्रमाणे लावून घ्यावी आणि तिची जागा लक्षात ठेवावी. कोणता पाय पुढे ठेवायचा हे सवयीवर सोडू नये. दोन्ही बाजूंनी पुरेसे दिवस सराव करून १५ मीटरचा वेळ ज्या बाजूने कमी येतो ती बाजू कायम करावी. इशारा होताच हातांनी ब्लॉकची कड मागे ओढायची, म्हणजे शरीर पुढे सरकू लागते. मग मागचा पाय रेटा देऊन सुटतो आणि सर्वांत शेवटी पुढचा पाय. अनेक मुले या क्षणी समोरच्या भिंतीकडे पाहत राहतात. डोके वर राहिले की छाती आणि पोट पाण्यावर आपटतात आणि मिळवलेला वेग तिथेच संपतो. हात पुढे जुळताच डोके दोन्ही दंडांच्या मध्ये गेले पाहिजे.

याच्यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली पुरुषांची १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांच्या विश्वविक्रमी वेळेत जिंकली गेली. हा वेग सरासरी सेकंदाला सव्वादोन मीटरही भरत नाही, आणि त्यात सूर मारून मिळालेला फायदासुद्धा धरलेला आहे. उत्तम स्टार्ट घेणारा जलतरणपटू मात्र पाण्यात शिरताना याच्या दुपटीहून अधिक वेगात असतो. म्हणजे संपूर्ण शर्यतीतला सर्वांत मोठा वेग तुम्हाला पहिल्या सेकंदातच मिळालेला असतो आणि त्यानंतर पोहून तो कोणालाही वाढवता येत नाही. तो किती हळूहळू कमी होऊ द्यायचा एवढेच आपल्या हाती असते. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वेग दुप्पट झाला की रोध साधारण चौपट होतो. दोन हातांमध्ये राहिलेली फट, वर उचललेली हनुवटी, फाकलेले पाय, वाकलेली कंबर या चुका पोहताना जेवढ्या महाग पडतात, त्याच्या कितीतरी पट महाग त्या पाण्यात शिरल्यानंतरच्या पहिल्या काही मीटरांत पडतात. हात जिथे पाण्यात शिरले त्याच जागेतून डोके, कंबर आणि पायही आत गेले पाहिजेत. एक तळवा दुसऱ्यावर घट्ट, वरच्या हाताचा अंगठा खालच्या हाताला धरून ठेवणारा, दंड कानांच्या मागे आणि पायांची बोटे ताणलेली, ही स्ट्रीमलाइनची स्थिती आरशासमोर उभे राहूनही तपासता येते.

डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून एकदम वर-खाली मारणे, पाण्यात शिरल्या शिरल्या सुरू करण्याची घाई करू नये. त्या वेळी शरीराचा वेग किकने मिळू शकणाऱ्या वेगापेक्षा बराच जास्त असतो. अशा वेळी पाय हलवल्याने वेग वाढत नाही, रोध मात्र वाढतो. क्षणभर निश्चल राहावे आणि वेग ओसरू लागल्याचे जाणवताच किक सुरू करावी. पाण्यातून पृष्ठभागाकडे येतानाही चढ हळूहळू असावा आणि पहिला हात डोके वर येण्याच्या किंचित आधी ओढायला सुरुवात करावी, म्हणजे शरीर त्या हाताच्या जोरावर पृष्ठभाग फोडून पुढे जाते. या पहिल्या हाताबरोबर श्वास घेऊ नये. ५० मीटरच्या शर्यतीत तर पहिले काही हात श्वासाविनाच मारावेत, कारण डोके वळवण्याने जाणारा वेळ तिथे भरून काढायला जागाच नसते.

प्रश्न : आमची मुलगी नऊ वर्षांची असून तिचे प्रशिक्षक तिला ब्लॉकवरून सूर मारू देत नाहीत. तिच्याबरोबरची काही मुले मारतात. त्यामुळे ती मागे पडेल का?

उत्तर : ती मागे पडणार नाही, आणि तिच्या प्रशिक्षकांचे म्हणणे आपण मनापासून मान्य करावे असे मी आग्रहाने सांगेन. उथळ पाण्यात चुकीचा सूर मारल्यास डोके तळावर आदळून मानेच्या मणक्याला कायमची इजा होऊ शकते. पोहण्याच्या खेळात याच्याइतका गंभीर धोका फार थोड्या गोष्टींत आहे. वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार ब्लॉक पाण्यापासून ०.५ ते ०.७५ मीटर उंच असतो आणि ब्लॉकच्या बाजूला भिंतीपासून १ ते ६ मीटर अंतरात पाणी किमान १.३५ मीटर खोल असावे लागते. ही खोली सूर मारण्यात तयार झालेल्या स्पर्धकासाठीची किमान मर्यादा आहे. शिकणाऱ्या मुलाला याहून बरेच खोल पाणी हवे.

क्रम असा असावा : आधी पाण्यातच भिंतीला रेटा देऊन स्ट्रीमलाइनमध्ये लांब सरकणे, मग काठावर बसून, त्यानंतर एक गुडघा टेकून, पुढे काठावर उभे राहून सूर मारणे, आणि प्रत्येक टप्प्यावर हात जुळलेले व डोके हातांच्या आत राहते याची खात्री पटल्यावरच ब्लॉक. हात सुटत असतील किंवा सूर खोल, तळाकडे जात असेल, तर वय कितीही असो, ब्लॉक देऊ नये. जिने भिंतीवरून सरकणे नीट आत्मसात केले आहे ती मुलगी ब्लॉकवर गेल्यावर फार लवकर तयार होते.

प्रश्न : फ्रीस्टाइलमध्ये माझा फ्लिप टर्न, म्हणजे कोलांटी घेऊन वळणे, कधीच एकसारखा होत नाही. कधी भिंत इतकी जवळ येते की गुडघे छातीत रुततात, कधी पाय भिंतीला लागतही नाहीत. शिवाय नाकात पाणी जाते.

उत्तर : नाकात पाणी जाण्याचा भाग सोपा आहे, तो आधी सांगतो. कोलांटी सुरू होण्यापासून तोंड पुन्हा खाली येईपर्यंत नाकातून सावकाश, सलग श्वास सोडत राहायचा. बहुतेकांना श्वास कोलांटीआधीच संपवण्याची सवय असते, म्हणून शरीर उलटे असताना नाकातून बाहेर जायला हवाच उरत नाही.

अंतराचा प्रश्न मात्र कोलांटीचा नसून तिच्या आधीच्या पाच मीटरांचा आहे. तुम्ही भिंत शोधण्यासाठी डोके वर करत असाल, असा माझा अंदाज आहे. डोके वर आले की कंबर खाली जाते, वेग कमी होतो आणि प्रत्येक वेळी तो वेगवेगळ्या प्रमाणात कमी होत असल्यामुळे अंतरही प्रत्येक वेळी बदलते. तलावाच्या तळावरची काळी रेषा भिंतीच्या २ मीटर आधी आडव्या रेषेने संपते. ती खूण तळाकडे पाहतच दिसते, त्यासाठी मान उचलावी लागत नाही. त्या आडव्या रेषेवर डोके आल्यानंतर तुमच्या उंचीला आणि वेगाला किती हात लागतात हे ठरवून घ्यावे. सरावाच्या संथ वेगात आणि शर्यतीच्या वेगात हा हिशेब वेगळा असतो, म्हणून तो शर्यतीच्या वेगातच ठरवावा. भिंत जवळ आल्यावर वेग कमी करणे हा टर्नमधला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा दोष आहे, कारण कोलांटी जो वेग घेऊन आत जाते त्याच वेगाने ती फिरते.

शेवटचा हात ओढून झाला की दोन्ही हात मांड्यांजवळ असतात. ते तिथेच राहू द्यावेत. हनुवटी छातीकडे न्यावी, एक छोटी डॉल्फिन किक मारून कंबर वर आणावी आणि मांड्यांजवळचे तळवे तळाकडे वळवून पाणी डोक्याकडे दाबावे. शरीर आपोआप फिरते. हातांनी बाजूला गोल गोल पाणी कापण्याची सवय असेल तर ती मोडावी, कारण त्यामुळे शरीर तिरके होते. टाचा पाण्यावरून फिरून भिंतीला लागतात तेव्हा हात पुढे जुळलेले असले पाहिजेत, म्हणजे पाय टेकताक्षणी रेटा देता येतो. पाय टेकल्यावर हात गोळा करणारा जलतरणपटू भिंतीवर नुसता थांबलेला असतो. पाय पृष्ठभागापासून साधारण ३० ते ४० सेंटिमीटर खाली आणि गुडघे काटकोनापेक्षा थोडे अधिक उघडे असावेत. गुडघे फार मिटले तर पाय सरळ व्हायला वेळ लागतो आणि अगदीच उघडे राहिले तर रेट्यात जोर राहत नाही.

भिंत सोडताना शरीर पाठीवर किंवा थोडे कुशीवर असते आणि ते तसेच असू द्यावे. पालथे होण्यासाठी भिंतीवर वेळ घालवू नये. पालथे होणे रेटा देताना आणि त्यानंतर सरकता सरकता पूर्ण करायचे असते. फ्रीस्टाइलच्या नियमाप्रमाणे टर्नच्या वेळी शरीराचा कोणताही भाग भिंतीला लागला तरी पुरते, पण पाय भिंतीपर्यंत पोहोचलेच नाहीत आणि स्पर्श झालाच नाही, तर मात्र बाद व्हावे लागते.

प्रश्न : टर्ननंतर पाण्याखाली किती डॉल्फिन किक माराव्यात? आमच्या गटातली काही मुले १५ मीटरपर्यंत पाण्याखालीच राहण्याची पैज लावतात.

उत्तर : आधी त्या पैजेबद्दल, कारण ती ताबडतोब बंद झाली पाहिजे. पाण्याखाली जाण्याआधी मुद्दाम जोरजोरात अनेक श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घेण्याची निकड शरीराला जाणवते ती मुख्यतः त्याच्याच वाढीमुळे. ही सूचना उशिरा मिळते आणि तोपर्यंत ऑक्सिजन इतका घटलेला असतो की पोहणाऱ्याला कोणतीही पूर्वकल्पना न येता पाण्याखालीच भोवळ येते. उत्तम पोहणाऱ्यांचाही जीव अशा प्रकारे गेला आहे. पाण्याखालच्या किकचा सराव प्रशिक्षक काठावर उभे असतानाच, ठरलेल्या थोड्या अंतराचा आणि मध्ये पुरेशी विश्रांती ठेवून करावा; श्वास रोखण्याची चढाओढ कधीही करू नये.

आता मूळ प्रश्न. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये (पाठीवर पोहण्याच्या प्रकारात) अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ आणि सुवर्णपदक जिंकणारा जपानचा दाइची सुझुकी हे दोघेही सुरुवातीचे तीस मीटरांच्या आसपासचे अंतर पाण्याखाली डॉल्फिन किक मारत गेले. त्यानंतर बॅकस्ट्रोकमधील पाण्याखालच्या अंतरावर आधी १० आणि नंतर १५ मीटरची मर्यादा आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये रशियाच्या डेनिस पंक्रातोवने बटरफ्लायमध्ये असेच पाण्याखाली राहून दोन सुवर्णपदके मिळवली आणि पुढे ती मर्यादा बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइललाही लागू झाली. आज या तिन्ही प्रकारांत स्टार्टनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर १५ मीटरपर्यंत डोके पृष्ठभागाबाहेर आलेच पाहिजे.

पृष्ठभागावर पोहणारे शरीर लाटा निर्माण करते आणि त्यात त्याची बरीच शक्ती जाते. अर्धा मीटर खाली गेल्यावर हा लाटांचा रोध बराच कमी होतो. पाण्याखाली राहण्याचा फायदा आहे तो यामुळे. पण हा फायदा ज्याची किक जोरदार आहे त्यालाच मिळतो. १५ मीटर हे नियमाने घातलेले बंधन आहे, गाठायचे लक्ष्य नव्हे. पाण्याखालचा वेग तुमच्या पोहण्याच्या वेगाइतका खाली आला की त्याच क्षणी वर यावे, मग ते अंतर ६ मीटर असो की १२. याचा शोध असा घ्यावा : एकदा तीन, एकदा पाच आणि एकदा सात किक मारून वर यावे आणि दर वेळी भिंतीपासून १५ मीटरपर्यंतचा वेळ घ्यावा. सर्वांत कमी वेळ देणारी संख्या हीच सध्या तुमची संख्या. शर्यतीच्या शेवटच्या टर्ननंतर दमामुळे ती एक-दोनने कमी होईल हे गृहीत धरावे, पण ती शून्यावर येऊ देऊ नये. ४०० मीटरच्या शर्यतीत ५० मीटरच्या तलावात ७ टर्न असतात आणि १५०० मीटरमध्ये २९; २५ मीटरच्या तलावात १५०० मीटरला तब्बल ५९. लांब पल्ल्याचे जलतरणपटू टर्नकडे दुर्लक्ष करतात, वास्तविक तो त्यांच्या वाट्याला सर्वांत जास्त वेळा येतो.

प्रश्न : बॅकस्ट्रोकच्या टर्नमध्ये मला बाद ठरवण्यात आले. मी पालथी झाले, भिंत थोडी दूर होती म्हणून दोन किक मारल्या आणि कोलांटी घेतली. यात चूक काय झाली?

उत्तर : त्या दोन किकच चूक ठरल्या. नियम असा आहे की टर्न घेताना खांदे छातीच्या बाजूला वळवता येतात, पण वळल्याबरोबर एका हाताचा किंवा एकाच वेळी दोन्ही हातांचा सलग ओढा घेऊन टर्न सुरू केला पाहिजे. पालथे झाल्यावर सरकत राहणे किंवा किक मारत भिंतीपर्यंत जाणे याला परवानगी नाही. पाय भिंत सोडताना शरीर पुन्हा पाठीवर असावे लागते.

यावरचा उपाय म्हणजे योग्य ठिकाणी पालथे होणे. भिंतीपासून ५ मीटर अंतरावर वर झेंड्यांची दोरी असते ती यासाठीच. झेंडे डोक्यावरून गेल्यापासून भिंतीपर्यंत किती हात लागतात हे पूर्ण वेगात मोजावे. त्यातले शेवटचे काही हात पालथे होण्यासाठी आणि ओढ्यासाठी राखून कितव्या हाताला वळायचे हे पक्के करावे. ही संख्या सराव संथ झाला की बदलते, म्हणून स्पर्धेआधी तलावात उतरण्याची संधी मिळते तेव्हा शर्यतीच्या वेगात दोन-तीनदा ती तपासावी. शंका आलीच तर थोडे लांबून पालथे होण्यापेक्षा थोडे जवळ जाऊन होणे बरे. जवळून टर्न थोडा आखडतो, पण बाद होण्याची वेळ येत नाही. बॅकस्ट्रोकच्या शेवटी मात्र पालथे न होता पाठीवरच भिंत गाठायची असते.

प्रश्न : ब्रेस्टस्ट्रोकमध्ये टर्ननंतर पाण्याखाली नेमके काय चालते? आणि स्पर्श करताना हात किंचित पुढे-मागे झाले तर?

उत्तर : हात पुढे-मागे झाले तर बाद. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या दोन्हींत दोन्ही हात एकाच वेळी आणि एकमेकांपासून सुटे असे भिंतीला लागले पाहिजेत. त्यांची उंची सारखी असण्याची गरज नाही. स्पर्श होताच भिंत पकडून शरीर वर ओढू नये. एक हात लगेच कोपरातून मागे बरगडीकडे न्यावा, गुडघे पोटाशी घ्यावेत आणि दुसरा हात कानाजवळून डोक्यावरून पुढे न्यावा. डोके जितके वर जाईल तितका वेळ जास्त जातो. भिंत सोडताना शरीर पालथ्या बाजूला झुकलेले असावे लागते. कुशीवर जरा अधिक वळून सुटणारे यात सापडतात.

पाण्याखाली एकदा हात पायांपर्यंत पूर्ण मागे ओढता येतो आणि पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकच्या आधी एकच डॉल्फिन किक मारता येते. १५ मीटरची मर्यादा या प्रकाराला नाही. त्याऐवजी दुसऱ्या ओढ्यात हात सर्वांत जास्त पसरून आत वळण्याआधी डोके पृष्ठभागाबाहेर आले पाहिजे. इथे घाईच नुकसान करते. रेट्यानंतर सरकणे, मग डॉल्फिन किक आणि ओढा, पुन्हा हात मांड्यांशी ठेवून थोडे सरकणे, आणि त्यानंतर हात शरीराला चिकटवून पुढे आणत किक, हा क्रम शांतपणे झाला पाहिजे. हात पुढे आणताना ते शरीरापासून दूर गेले तर आतापर्यंत राखलेला सगळा वेग तिथे थांबतो.

प्रश्न : मी वयाच्या पन्नाशीनंतर स्पर्धांत भाग घेऊ लागलो आहे. फ्लिप टर्नने मला गरगरते. तो टाळला तर चालेल का?

उत्तर : नियमाने काहीच अडचण नाही. फ्रीस्टाइलमध्ये हाताने भिंत धरून घेतलेला टर्न पूर्णपणे वैध आहे आणि वर सांगितलेल्या ब्रेस्टस्ट्रोकच्या टर्नसारखाच तो सफाईने घेतला, तर त्यात फार वेळ जात नाही. शिकायचाच असेल तर भिंतीपासून दूर, कंबरभर पाण्यात एकेक कोलांटी घेऊन, मध्ये थांबून सवय करावी. गरगरणे थोड्या वेळात जात नसेल किंवा पाण्याबाहेरही जाणवत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : शर्यत संपताना भिंतीला हात लावण्याचा वेगळा सराव करावा का?

उत्तर : अवश्य. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत मायकल फेल्प्स ५०.५८ सेकंदांत पहिला आला आणि सर्बियाचा मिलोराड चाविच ५०.५९ सेकंदांत दुसरा. फेल्प्सने शेवटी आणखी एक अर्धा हात मारून भिंत गाठली, तर चाविच हात लांबवून सरकत आला. शेवटच्या पाच मीटरांत श्वास न घेता, डोके खाली ठेवून, हात पूर्ण ताणून बोटांनी भिंत गाठण्याचा सराव करावा. रोजच्या सरावात शेवटच्या दोन हातांआधीच सैल सोडून देणाऱ्याला स्पर्धेत हे अचानक जमत नाही.

प्रश्न : आमच्या तलावात ब्लॉक नाहीत आणि सरावाला रोज एकच तास मिळतो. एवढ्यात स्टार्ट आणि टर्न यांसाठी वेळ कुठून आणायचा?

उत्तर : वेगळा वेळ काढण्याची फारशी गरज नाही. तासाभराच्या सरावात भिंत कितीतरी वेळा येते आणि ती प्रत्येक वेळी कशी वापरता यावरच टर्न सुधारतो. तरीही बहुतेक गट सरावाच्या शेवटी दहा मिनिटे टर्न करतात आणि उरलेला सगळा वेळ भिंतीजवळ हळू होत, एका हाताने कड धरत, डोके वर काढून श्वास घेत वळतात. अशाने वाईट टर्नचा सराव चांगल्या टर्नच्या अनेक पटींनी होतो आणि दमलेल्या अवस्थेत शरीर तोच टर्न घेते ज्याची त्याला अधिक सवय आहे. म्हणून आजपासून एक नियम करावा : फ्रीस्टाइलमध्ये भिंतीकडे जातानाच्या शेवटच्या दोन हातांत श्वास नाही, आणि भिंत सोडल्यावर किमान तीन डॉल्फिन किक झाल्याशिवाय व पहिला हात पूर्ण झाल्याशिवायही श्वास नाही. सुरुवातीला दम लागेल आणि सरावाचा वेग मंदावेल. तो मंदावू द्यावा. अंतर कमी केले तरी चालेल, टर्न मोडू देऊ नये.

ब्लॉक नसले तरी स्टार्टचा मोठा भाग पाण्यातच सुधारता येतो, कारण १५ मीटरमधला बहुतेक भाग पाण्याखालचाच असतो. भिंतीला रेटा देऊन, एकही किक न मारता, स्ट्रीमलाइनमध्ये किती अंतर जाता याची नोंद ठेवावी. अंतर वाढत गेले की शरीराची रेषा सुधारते आहे असे समजावे. पाणी पुरेसे खोल असेल तरच काठावरून सूर मारावा आणि मागे तिरकी पट्टी नसल्यामुळे मागच्या पायाच्या टेकूशिवायचा स्टार्ट तिथे शिकावा. ब्लॉक मिळेल तेव्हा त्यात मागच्या पायाचा जोर मिळवायचा, एवढेच बाकी राहते. जमिनीवर आठवड्यातून दोनदा उभ्या जागेवरून लांब उड्या आणि उंच उड्या, दर वेळी पूर्ण विश्रांती घेऊन, थोड्याच पण पूर्ण जोराने माराव्यात. वाढत्या वयाच्या मुलांनी जड वजने न घेता आपल्या शरीराच्या वजनावरच हे करावे.

मोबाइलवर बाजूने चित्रण करणारा एक सोबती मिळाला तर फार उपयोग होतो. टर्नसाठी भिंतीच्या आधीचे ५ मीटर आणि नंतरचे १० मीटर असा १५ मीटरचा वेळ घ्यावा. नुसती कोलांटी मोजल्याने भिंतीकडे येताना गमावलेला आणि भिंत सोडल्यावर हातातून निसटलेला वेग लक्षात येत नाही. दर पंधरवड्याला एकदा, सरावाच्या सुरुवातीला, ताजेतवाने असताना तीन टर्नचा हा वेळ लिहून ठेवावा. आणि शक्य असेल तर सरावाच्या शेवटी पुन्हा तीन. या दोन आकड्यांमधला फरक जितका मोठा, तितके शर्यतीच्या उत्तरार्धातले टर्न कच्चे आहेत, आणि पुढच्या पंधरवड्याचे काम त्यावरूनच ठरवावे.